त्सुनामीचं पाणी येतं कुठून आणि मग जातं कुठे?

त्सुनामीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: एवढं पाणी आलं कुठून? त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: मग ते गेलं कुठे? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. लाट येते तेव्हा कॅमेरे असतात, आकडे असतात, बातम्या असतात. पाणी परतू लागतं तेव्हा आणखी माणसं जातात, आणि जे पाणी परतत नाही ते विहिरीत, शेतात, कधीकधी कायमचं गावात राहतं. पण त्याआधी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण त्याबद्दलचा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

२६ डिसेंबर २००४, रविवार. आपल्या घड्याळात सकाळचे ६ वाजून २८ मिनिटं झाली होती. सुमात्रा बेटाच्या वायव्येला समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. तिथे भारताचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने घुसत असतो. घुसताना दोघांची कड एकमेकींत अडकते. खालचा पट्टा थांबत नाही, त्यामुळे वरच्याची कड शेकडो वर्षं दबत, वाकत राहते आणि एके दिवशी सुटते. त्या सकाळी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,२०० ते १,३०० किलोमीटर लांबीची कड दहा मिनिटांच्या आसपास सुटत गेली. समुद्राचा तळ काही मीटर वर उचलला गेला, आणि त्याच्या मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बाजूला तो खचला.

तळ उचलला गेला की त्यावरचं सगळं पाणी तसंच्या तसं वर येतं. शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्यातलं पाणी बाजूला सरकणार तरी कुठे, आणि तेही काही मिनिटांत? एका अंदाजाप्रमाणे अशा रीतीने विस्थापित झालेलं पाणी सुमारे ३० घन किलोमीटर होतं. आकडा छाती दडपवणारा वाटतो, पण जगातल्या सगळ्या समुद्रांवर पसरला तर त्यानं पातळी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी वाढते. म्हणजे नवं पाणी कुठूनही आलेलं नाही. होतं तेच पाणी जागेवरून हललं आणि समतोल साधण्यासाठी दोन्ही बाजूंना धावू लागलं.

धावू लागलं म्हटलं खरं, पण धावतो तो धक्का. पाणी जवळपास जागेवरच असतं. याचा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. त्सुनामीचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो: खोली मीटरमध्ये घ्या, तिला ९.८ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. ४,००० मीटर खोल समुद्रात उत्तर येतं सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७१० किलोमीटरच्या वर. प्रवासी विमानाच्या जवळपासचा वेग. आता त्याच ठिकाणी पाण्याचा स्वतःचा वेग काढला, तर ६० सेंटीमीटर उंचीच्या लाटेसाठी तो सेकंदाला जेमतेम ३ सेंटीमीटर येतो. मुंगीसुद्धा याच्याशी शर्यत लावू शकेल. लाट पुढे निघून जाते तेव्हा खोल समुद्रातलं पाणी फार तर काही दहा मीटर पुढेमागे झालेलं असतं.

६० सेंटीमीटर हा आकडा उगाच घेतलेला नाही. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी अमेरिका आणि फ्रान्सचा जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून जात होता आणि समुद्राची उंची मोजत होता. इतिहासातल्या सर्वांत जीवघेण्या त्सुनामींपैकी एक खाली चालली होती, आणि भर समुद्रात तिची उंची भरली साधारण एवढीच. ही उंचीही शेकडो किलोमीटर अंतरात हळूहळू चढणारी आणि उतरणारी. त्यावरून जाणाऱ्या होडीला काही कळत नाही. जपानमध्ये इशारा मिळाला की काही मच्छीमार बोटी घेऊन किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याकडे निघतात, त्याचं कारण हेच.

म्हणून तामिळनाडूतल्या नागपट्टिणमला सुमात्राचं पाणी आलं हे म्हणणं चूक. नागपट्टिणमच्या वस्तीत घुसलं ते त्याच किनाऱ्यासमोरचं, रोज भरती-ओहोटीला येणारं-जाणारं पाणी. सुमात्राकडून आला तो फक्त धक्का.

मग हा हातभर उंचीचा फुगवटा किनाऱ्याला येऊन माणसं कशी बुडवतो? पाणी उथळ होत गेलं की लाट मंदावते. १०० मीटर खोलीवर तिचा वेग ताशी ११३ किलोमीटर, १० मीटर खोलीवर ताशी ३६. पुढचा भाग मंदावला तरी मागचा अजून खोल पाण्यात असतो, त्याच्या अंगात वेग असतो. तो येऊन पुढच्यावर चढतो. लांबी आक्रसते, उंची वाढते. ४,००० मीटरवरून १० मीटर खोलीवर येताना उंची साडेचार पटीच्या आसपास होते. म्हणजे ६० सेंटीमीटरचे पावणेतीन मीटर. पुढचं सगळं किनारा कसा आहे त्यावर. समोर तोंडाशी रुंद आणि आत निमुळती होत जाणारी खाडी असेल तर पाणी दाबलं जाऊन वर चढतं. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर, अशाच खाड्यांमध्ये, ११ मार्च २०११ ला पाणी ४० मीटर उंचीपर्यंत पोहोचलं. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर २००४ मध्ये काही ठिकाणी ते ३० मीटरवर गेलं होतं. तिथे भूकंप आणि पाणी यांच्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं अंतर होतं.

चित्रपटांनी आपल्या डोक्यात बसवलेली पाण्याची उभी भिंत क्वचितच दिसते. नेहमीच्या वाऱ्याच्या लाटा दहा-बारा सेकंदांच्या अंतराने येतात, फुटतात, परततात. त्सुनामीच्या दोन माथ्यांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचं अंतर असतं. त्यामुळे ती फुटून संपत नाही. समुद्र फुगत जातो, पुळण ओलांडतो, रस्ता ओलांडतो, आणि दहा-पंधरा मिनिटं पाणी येतच राहतं. ते नुसतं पाणीही नसतं. त्यात वाळू, चिखल, होड्या, वासे, पत्रे, मोटारी असं सगळं असतं. पोहता येणाऱ्यालाही इथे पोहण्याचा उपयोग होत नाही. माणूस मरतो तो बऱ्याचदा वाहून येणाऱ्या वस्तूंच्या माराने.

‘आधी समुद्र मागे जातो, मग लाट येते’ असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. अर्धं खरं आहे. तळ खचला त्या बाजूला, म्हणजे २००४ मध्ये थायलंडकडे, आधी पाणी मागे गेलं. तळ उचलला गेला त्या बाजूला, म्हणजे श्रीलंका आणि भारताकडे, पहिला आला तो चढच. तामिळनाडूत समुद्र मागे गेलेला अनेकांनी पाहिला तो पहिल्या आणि पुढच्या लाटेच्या मधल्या वेळात. म्हणून पाणी मागे जाताना दिसलं तर पळा हे बरोबर, पण दिसलं नाही म्हणून थांबू नका. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावरच्या लोकांनी एवढी वाटही पाहिली नाही. १९०७ साली तिथे त्सुनामी आली होती, आणि मोठा भूकंप झाला की डोंगराकडे पळायचं हे आजी-आजोबांनी गोष्टींतून, गाण्यांतून नातवंडांच्या डोक्यात पक्कं केलं होतं. बेटाची लोकसंख्या ७० हजारांच्या वर. २००४ मध्ये तिथे लाटेत मेलेल्यांचा आकडा सांगितला जातो तो सातच्या आसपास. बाकी हिंदी महासागराभोवती मिळून सुमारे २ लाख ३० हजार माणसं गेली, आणि त्यात एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातली सहा हजारांहून जास्त.

आता परतीकडे येऊ.

चढलेलं पाणी परतताना समुद्रासारखं वागत नाही, नदीसारखं वागतं. येताना ते रुंद आघाडीने येतं. जाताना मात्र उतार शोधतं. नाले, ओढे, रस्त्यांचे खोलगट भाग, दोन इमारतींमधली बोळं अशा अरुंद वाटांतून सगळं पाणी जातं, त्यामुळे तिथे त्याला विलक्षण ओढ असते. २०११ मध्ये जपानच्या कित्येक समुद्रभिंती येणाऱ्या लाटेनं पाडल्या नाहीत. लाट भिंतीवरून पलीकडे गेली, परतताना तिनं भिंतीच्या पायाखालची माती खरवडली आणि भिंत समुद्राच्या बाजूला कोसळली. घरांचे पाये उघडे पडतात तेही याच ओढीने. झाड किंवा खांब धरून पहिल्या लोंढ्यातून निभावलेली माणसं पाणी ओसरताना हात सुटून खेचली जातात.

शिवाय ओसरलं म्हणजे संपलं असंही नाही. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच याचा काही नियम नाही. श्रीलंकेत बऱ्याच ठिकाणी दुसरी लाट मोठी होती, आणि मधल्या वेळात लोक उघड्या पडलेल्या तळावर मासे गोळा करायला, आपली माणसं शोधायला उतरले होते. लाट बेटांवर आणि किनाऱ्यांवर आपटून उलटते, बेटाला वळसा घालते, उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला समांतर धावत राहते. २००४ मध्ये श्रीलंकेच्या आडोशाला असलेल्या केरळलाही ती वळून लागली. कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाड गावात माणसं दगावली. गोव्यात मुरगाव बंदराच्या भरतीमापकावरही तिची नोंद झाली. तिकडे प्रशांत महासागरात, मेक्सिकोच्या मान्सानियो बंदरात, माथा ते खळगा मिळून २.६ मीटरची चढउतार झाली. हिंदी महासागरातल्या, भूकंपाच्या खूप जवळ असलेल्या कोकोस बेटांवरही ती इतकी नव्हती. समुद्रातल्या डोंगररांगा लाटेला वाट दाखवतात, त्यामुळे जवळचं वाचतं आणि दूरचं सापडतं असंही होतं.

बंदरं तर या बाबतीत फारच वाईट. प्रत्येक बंदरातल्या पाण्याला हिंदकळण्याची स्वतःची लय असते, आणि बाहेरच्या लाटांची लय तिच्याशी जुळली तर आतली चढउतार वाढतच जाते. १५ नोव्हेंबर २००६ ला जपानच्या उत्तरेकडच्या कुरिल बेटांजवळ भूकंप झाला. पार कॅलिफोर्नियात, क्रेसेंट सिटीच्या बंदरात लाटा आल्या, आणि पहिलीनंतर दोन तासांहून अधिक वेळानं आलेल्या लाटांनी धक्के मोडले. तोवर धोका टळला असं समजलं जात होतं.

हे हिंदकळणं किती टिकू शकतं याचं टोकाचं उदाहरण ग्रीनलंडचं आहे. १६ सप्टेंबर २०२३ ला पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या अरुंद समुद्रखाडीत, डोंगराचा एक भाग बर्फासकट कोसळला. दगड आणि बर्फ मिळून सुमारे अडीच कोटी घनमीटर. समोरच्या कड्यावर पाणी २०० मीटरपर्यंत उडालं. तिथे तेव्हा कुणी नव्हतं. पण जगभरच्या भूकंपमापकांवर एक विचित्र नोंद येऊ लागली: साधारण दर ९० सेकंदांनी एक ठोका, सलग नऊ दिवस. भूकंपाची नोंद अशी एकसुरी नसते, त्यामुळे तज्ज्ञही चक्रावले. वर्षभराच्या शोधानंतर उलगडा झाला. परात हलवून ठेवून द्यावी आणि पाणी या कडेहून त्या कडेला जात राहावं, तसं त्या खाडीतलं पाणी नऊ दिवस या कड्याकडून त्या कड्याकडे जात होतं. खाडीला तिथे वळण असल्यामुळे लाटेची ताकद बाहेर निसटायला वाट नव्हती.

उघड्या समुद्रात असा काळ कमी असतो, तरीही दिवस-दोन दिवस भरतीमापकांवर रेघ वेडीवाकडीच राहते. ताकद शेवटी संपते ती किनाऱ्यांवर फुटून, तळाशी घासून, आणि तिची उष्णता होते. पाण्याचं तापमान त्यानं बदलल्याचं कुणाला जाणवणारही नाही. मधल्या काळात ती काय करू शकते, तर २०११ च्या लाटांनी तेरा हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन अंटार्क्टिकातल्या सुल्झबर्गर हिमपट्टीचे तुकडे तोडले.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. अरबी समुद्राच्या उत्तरेला, इराण आणि पाकिस्तानात, मकरानचा किनारा आहे, आणि तिथेही एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि किनाऱ्यावरची काही माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. लाटेला एवढं अंतर कापायला काही तास लागतात, म्हणजे आज इशारा देता येतो. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे. समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकांवरून खरोखर लाट निघाली आहे का हे तिथे कळतं. २००४ मध्ये हिंदी महासागराला असं काहीच नव्हतं.

लाटा थांबल्या, पाणी ओसरलं. आता मागे काय राहतं ते पाहू. पहिलं, मीठ.

नागपट्टिणमकडे किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरपर्यंतच्या शेतांत खारं पाणी साचलं. रेताड जमीन यातून लवकर सावरते. पाऊस पडला की मीठ धुऊन खाली जातं. चिकण मातीचं दुखणं वेगळं. खाऱ्या पाण्यातलं सोडियम मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतं, कण फुगतात, भेगा बुजतात, आणि वरचं पाणी मुरेनासं होतं. मग पाऊस पडूनही मीठ धुपत नाही. उपाय म्हणून तिथे जिप्सम टाकलं गेलं, म्हणजे कॅल्शियम परत दिलं. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून ते फुलायच्या आत गाडलं. सांगली-कोल्हापूरकडच्या चोपण जमिनीत शेतकरी हेच करतात, तिथे मीठ उसाला दिलेल्या अति पाण्याने वर येतं एवढाच फरक. आणि खारबंधारा फुटून उधाणाचं पाणी भातशेतीत शिरलं की वरच्या पावसाने शेत धुऊन निघायची वाट पाहायची, हे कोकणातल्या खाजणवाल्याला कुणी शिकवायला नको.

सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांतात काही शेतांत भुईमुगाचे वेल तरारून आले, पण शेंगा पोचट निघाल्या. वरून हिरवंगार दिसतं म्हणून मीठ गेलं असं धरून चालत नाही. जपानच्या सेंदाई मैदानात तर पाणी बाहेर टाकणारे पंपच वाहून गेले होते. तिथे भाताच्या खाचरांत गोडं पाणी भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं असा क्रम चालवावा लागला, आणि काही शेतकऱ्यांनी खारं सोसणारं पीक म्हणून कापूस लावून पाहिला.

विहिरींच्या बाबतीत चांगल्या हेतूनेच नुकसान झालं. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो विहिरी खाऱ्या झाल्या. मदतीला आलेल्यांनी पंप लावले आणि विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्या. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हलकं असतं म्हणून. वरचं गोडं पाणी भराभर उपसलं की खालचं खारं वर चढतं. विहीर साफ व्हायच्या ऐवजी जास्त मचूळ होते. काही विहिरींचे काठही ढासळले. पुढे तज्ज्ञांनी सल्ला बदलला: एकदा बेताने गाळ आणि घाण काढा, मग पंप बंद ठेवा, पावसाला काम करू द्या, तोवर प्यायचं पाणी टँकरने आणा. दीड-दोन वर्षं लागली, पण बऱ्याच विहिरी गोड झाल्या त्या पावसानेच.

दुसरं म्हणजे न परतलेलं पाणी. तळ हलला तेव्हा बेटंही हलली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, जमीन सव्वाचार मीटर खचली आणि तिथल्या दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला. निकोबारमधल्याच ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची भातशेती पाण्याखाली गेली ती गेलीच. लाट ओसरली, पण जमीनच खाली बसल्यामुळे रोजची भरती आता तिथपर्यंत येऊ लागली. उलट उत्तर अंदमानच्या पश्चिम बाजूला जमीन वर आली आणि प्रवाळ उन्हात उघडे पडून मेले. खचलेल्या ठिकाणच्या शेतकऱ्याला जिप्सम आणि धैंचा यांचा काय उपयोग? त्याला दुसरी जमीनच लागते.

तिसरं, वाळू. लाट समुद्रतळावरची वाळू उचलून आत नेते आणि पाणी थांबलं की ती खाली बसते. काही सेंटीमीटरचा थर, त्यात समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं. काही ठिकाणी याच्या उलट होतं, लाट वाळू खरवडून नेते. मामल्लापुरमजवळ सालुवनकुप्पमला २००४ च्या पाण्यानं एका खडकावरचा शिलालेख उघडा पडला. पुरातत्त्व खात्यानं पुढे तिथे खणलं तेव्हा मुरुगनचं पल्लवकालीन देऊळ आणि त्याखाली त्याहून जुनं विटांचं बांधकाम सापडलं.

बसलेला थर मात्र भूशास्त्रज्ञांसाठी वहीच असते. थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर दलदलीत खड्डे खणले तर वर २००४ ची पांढरी वाळू, मध्ये काळा कुजट चिखल, त्याखाली तशाच वाळूचा आणखी एक थर दिसतो. चिखलातल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून त्या खालच्या थराचं वय काढलं तेव्हा ते साडेपाचशे ते सातशे वर्षांच्या आसपास भरलं. सेंदाईत इसवी सन ८६९ च्या त्सुनामीची वाळू किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर आत सापडली होती, आणि इथे पुन्हा असं होऊ शकतं हे काही संशोधक २०११ च्या आधीपासून सांगत होते. मकरानच्या किनाऱ्यावरही अशा थरांचा शोध चालू आहे. १९४५ पूर्वी तिथे किती वेळा आणि किती मोठ्या लाटा आल्या हे त्यावरूनच ठरणार, आणि मुंबईसाठी धोका किती धरायचा याचा हिशेबही.